तुझ्या नावावर खपवलेली गाडी

रमाकांत,

परवा कंपनीच्या कँटीनमध्ये तुझी शोकसभा झाली. जेवणाची टेबलं भिंतीकडे सरकवली होती आणि मधल्या जागेत ती गाडी आणून उभी केली होती. पांढरी, पुसूनपुसून चकचकीत केलेली. बॉनेटवर तुझा फोटो ठेवला होता आणि फोटोला हार घातला होता. फोटो सारखा घसरत होता म्हणून हाराचं एक टोक गाडीच्या आरशाला बांधलं होतं. धाकटे मालक माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "ही इलेक्ट्रिक कार म्हणजे रमाकांत सरांचं स्वप्न होतं. या गाडीसाठी त्यांनी आयुष्य वेचलं."

टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवतात का, हा प्रश्न तिथे कुणाला पडला नाही. एचआरच्या बाईंनी तर मागे वळून आम्हालाही वाजवा असं खुणेनं सांगितलं.

तू असतास तर काय केलं असतंस ते मला ठाऊक आहे. चष्मा काढला असतास आणि सभा संपेपर्यंत शर्टाच्या टोकानं पुसत बसला असतास. त्या चष्मा पुसण्याचा मला कायम राग यायचा. सध्या मला पुष्कळ जणांचा राग येतोय, आणि त्यातला थोडा तुझ्या वाट्यालाही आहे. तू आता उत्तर देऊ शकत नाहीस, त्यामुळे तुझ्या वाट्याचा तू ऐकून घे.

स्वप्न म्हणे. ती गाडी होऊ नये म्हणून तू जेवढं बोललास तेवढं तू तुझ्या उभ्या नोकरीत दुसऱ्या कशावर बोलला नव्हतास.

आपण दोघं कंपनीत पाठोपाठ लागलो. तू डिझाइनला, मी खरेदी खात्यात. तेव्हा कंपनी इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या करायची. पुढे मोठ्या मालकांनी रिक्षा आणि मालवाहू तीनचाकींसाठी बॅटरीचे पॅक करायला घेतले, ते तुझ्या भरवशावर. पॅक म्हणजे तरी काय? बाहेरून सेल आणायचे, टॉर्चमध्ये घालतो तसे पण जरा जाड, ते शेकड्यानं एका डब्यात नीट बसवायचे, जोडायचे, आणि सगळे सारखे तापतात का, सारखे उतरतात का यावर लक्ष ठेवणारं सर्किट वर बसवायचं. ऐकायला सोपं वाटतं. तू केलेले पॅक श्रीरामपूरच्या उन्हात आणि राहुरीच्या खड्ड्यांत चालले. हे सभेत कुणी बोललं नाही. रिक्षा बॉनेटवर फोटो ठेवण्याच्या लायकीची नसते ना.

केडगावला तुला घ्यायचं आणि पुढे सुप्याला, असा आपला रोजचा रस्ता. माझ्या जुन्या पेट्रोलच्या गाडीतून. बॅटऱ्या बनवणारी दोन माणसं धूर सोडत कामाला जातात यावर तू दर सोमवारी एकदा तरी हसायचास. "आपल्याला परवडेल अशी गाडी आपणच बनवत नाही, विलास," असं म्हणायचास. घाट चढताना समोरच्या डोंगरावर पवनचक्क्या दिसायला लागल्या की तुझं शिकवणं सुरू व्हायचं. लिथियम कुठून येतं, कोबाल्ट कुणाच्या हातात आहे, एक खाण बंद पडली तर माझ्या टेबलावरचा फोन का वाजायचा थांबतो. मी कॉमर्सचा माणूस. मला रसायनशास्त्र तू त्या रस्त्यावर शिकवलंस, आणि त्याच्याच जोरावर पुढे मी परदेशातल्या पुरवठादारांशी भांडू शकलो. एकदा म्हणालास, "तू सेल विकत घेत नाहीस. तू दुसऱ्याच्या रांगेतली जागा विकत घेतोस." हे वाक्य मी पुढे स्वतःचं म्हणून बऱ्याच ठिकाणी वापरलं. तुझं काही गेलं नाही.

मग ती रांगच हलेनाशी झाली. बाहेरच्या बड्या कार कंपन्यांनी पुढचा सगळा माल आधीच बांधून ठेवला होता. सुप्याच्या एका शेडमधून फोन करणाऱ्या माणसाला कोण विचारतो? परदेशातल्या पुरवठादाराकडची बाई माझ्याशी फार गोड बोलायची आणि शेवटी नाहीच म्हणायची. बऱ्याच झटापटीनंतर एक खेप सुटली. त्यानंतरची कधी येईल हे सांगायला कुणी तयार नव्हतं. हातात होतं तेवढंच होतं.

नेमकं त्याच वेळी धाकट्या मालकांच्या मनात आलं की कंपनीनं कार करायची. नगर जिल्ह्याची स्वतःची इलेक्ट्रिक कार. सांगाडा एकाकडून, मोटर दुसऱ्याकडून, आणि बॅटरी आपली. त्यासाठी पुण्याहून एक सल्लागार आणला. एप्रिल महिन्यात सुप्यात कोट घालून आला होता, आठवतंय? पडद्यावर त्यानं एक जिना दाखवला. सगळ्यात खालच्या पायरीवर रिक्षा, सगळ्यात वर कार. "रिक्षा ही तुमची कालची ओळख आहे," असं तो म्हणाला. मोठे मालक डुलकी काढत होते. बाकीचे माना हलवत होते. मान हलवायला पगार मिळतो अशी समजूत असणारी माणसं आपल्या कंपनीत कायमच भरपूर होती.

तू हात वर केलास. शाळेतल्या मुलासारखा.

"सर, एका कारमध्ये जेवढे सेल जातील तेवढ्यात सात-आठ रिक्षा होतात," तू म्हणालास. "पहिल्या काही कार आणि त्यांच्या चाचण्या धरल्या तर ही सगळी खेप संपेल. रिक्षांच्या ऑर्डरी आपण घेऊन बसलोय. कार करायची की नाही हा नंतरचा प्रश्न. केली तर काय करायचं नाही, ते आज ठरवू."

"रमाकांत सर, तुम्ही सुरुवातच नाहीनं करता," धाकटे म्हणाले. "आपण दोन्ही करू."

"दोन्ही होणार नाही."

"मनावर घेतलं तर होतं."

मनावर घेऊन सेल येत असते तर कंपनीला खरेदी खातं लागलं नसतं, असं मी बोललो. धाकटे हसले. त्यांना तो विनोद वाटला. मग सल्लागारानं कोटाचं बटण लावलं आणि शांतपणे सांगितलं, "टंचाई ही एक मानसिकता असते."

रमाकांत, नगर जिल्ह्यात येऊन हे बोलला तो. इथे टंचाई हा शब्द सरकारी कचेरीच्या दारावर पाटी लावून लिहिलेला असतो. पारनेरच्या पठारावरच्या कुठल्याही बाईला त्यानं ही मानसिकता टँकरच्या रांगेत उभं राहून समजावून द्यायला हवी होती. मी तुझ्याकडे पाहिलं. तू चष्मा काढलास.

परत येताना गाडीत मी तुला खूप बोललो. पुढे बोलत राहायचं होतंस, टेबल आपटायचं होतंस. तू म्हणालास, "मी सांगायचं ते सांगितलं. तेच मोठ्यानं सांगितलं म्हणजे ते जास्त खरं होत नाही." मी म्हटलं, खरं होत नाही, पण ऐकू तरी येतं. हे भांडण आपलं तिथून जे सुरू झालं ते संपलंच नाही. आता एकट्यानं चालवायचं म्हणजे कंटाळवाणं काम आहे.

त्या कारपायी सेल गेले हे सगळ्यांना दिसलं. आणखी काय गेलं ते कुणाला दिसलं नाही, कारण ते झालंच नव्हतं.

चाचणीचं चेंबर, म्हणजे ठरावीक तापमानात सेल तपासायचं कपाट, आपल्याकडे एकच. त्या कपाटात तेव्हा तू सोडियमचे सेल लावले होतेस. एका प्रयोगशाळेकडून नमुन्याचे सेल मिळवायला मी किती पायऱ्या झिजवल्या ते तुला माहीत आहे. सोडियम म्हणजे मिठातलं. आकारानं मोठे, वजनानं जड, लांब पल्ल्याच्या कारला फारसे उपयोगाचे नाहीत. पण रिक्षा दिवसभर गावातल्या गावात फिरते, तिला जड चालतं. आणि मीठ विकत घ्यायला कुणाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. आपल्या उन्हाळ्यात ते किती टिकतात एवढंच पाहायचं होतं. सेल भरायचे, उतरवायचे, पुन्हा भरायचे, त्याच तापमानात, खंड न पडू देता. कित्येक महिने ते चाललं होतं. तू कामावर आलास की आधी चेंबरच्या काचेतून आत पाहायचास, मग चहा.

कारच्या चाचणीसाठी चेंबर रिकामं करा, असा निरोप आला. तू धाकट्यांकडे गेलास. मी बरोबर होतो.

"सर, हे मधेच थांबवलं तर मागचं सगळं वाया जातं. पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल."

"मग पुन्हा करा ना," ते म्हणाले. "कार झाली की चेंबर तुमचंच आहे."

हे म्हणताना ते फोनवर कारच्या सीटच्या कापडाचे रंग बघत होते. मला तो रंग अजून आठवतो. विटकरी.

तू स्वतःच्या हातानं सेल काढलेस. प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवून एका खोक्यात ठेवलेस. ते खोकं पुढे कुणीतरी जागा हवी म्हणून बाहेर नेलं आणि पावसात भिजवलं. तू त्यावर चकार शब्द काढला नाहीस. कुणा माणसाच्या तोंडावर थुंकावं असं मला आयुष्यात क्वचित वाटलंय. त्या दिवशी दोघातिघांच्या बाबतीत वाटलं.

श्रीरामपूरला मात्र तू गेलास. जायची काही गरज नव्हती, फोन करून भागलं असतं. रूथबाईंच्या तीन शाळेच्या रिक्षा आपल्या पॅकवर चालायच्या. ते पॅक जुने झाले होते आणि उन्हाळ्यात नवे देतो असं तू शब्द दिला होतास. सुट्टी काढून तू निघालास, मी गाडी चालवली. चर्चच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. अंगणात तिन्ही रिक्षा उभ्या होत्या, एकीत कोंबडी बसली होती.

"साहेब, तुमी उन्हाळ्यात देतो म्हनला हुता," रूथबाई म्हणाल्या. "आता शाळा उघडंल. पोरं कशात न्यायची मी?"

"सेल दुसरीकडे वळवलेत, बाई. कंपनी कार बनवतीय."

"कार? मंग माजं काय?"

"तेच सांगायला आलोय. तुमचे पॅक कधी होतील, मला सांगता येत नाही."

"सांगता येत न्हाई म्हंजी?"

"सेल नाहीत. कधी येतील माहीत नाही. पुढच्या महिन्यात देतो असं सांगितलं असतं, पण ते खोटं झालं असतं."

त्यांनी रिक्षातली कोंबडी हाकलली. मग म्हणाल्या, "येवढ्या लांबून आलात तर चहा घेऊन जावा. पन मी काय खूश न्हाई, सांगून ठेवते."

आपण चहा घेतला. त्यांनी बिस्किटं ठेवली ती तू खाल्ली नाहीस. परतीच्या वाटेवर राहुरीजवळ तू म्हणालास, "बाईंचं बरोबर आहे." मी म्हटलं, त्यांचं बरोबर आहे हे त्यांना सांगून काय उपयोग, ते सुप्यात सांग. तू खिडकीबाहेर ऊस बघत बसलास.

रूथबाईंनी दोन रिक्षा विकल्या. पोरं पुन्हा धुराच्या गाडीतून जायला लागली. हा आपल्या कारचा पर्यावरणाला झालेला पहिला फायदा. शोकसभेत पर्यावरण हा शब्द मात्र बऱ्याच वेळा आला.

तुझ्यावर मी एवढा चिडतो, पण एक प्रसंग मी कुणाही माणसापुढे सांगायला तयार आहे, आणि तिथे मला तुझा राग येत नाही.

कारची रेंज, म्हणजे एका चार्जवर ती जाईल तेवढं अंतर, कमी भरत होती. बाजारातल्या दुसऱ्या गाड्यांचे आकडे धाकट्यांच्या डोक्यात बसले होते. सल्लागारानं उपाय सांगितला: डब्यात सेलच्या मधे जी जागा सोडली आहे, मधे पत्रे आहेत, ते काढा आणि तिथे आणखी सेल बसवा. रेंज वाढेल. तू म्हणालास, "एक सेल तापून फुटला तर शेजारचा पेटू नये, म्हणून ती जागा आहे." सल्लागार म्हणाला की असं लाखात एखाद्या वेळी होतं. धाकटे म्हणाले, "रमाकांत सर, तुम्ही फार भिता."

दोन दिवसांनी सगळ्यांना शेडच्या मागच्या मोकळ्या जागेत बोलावलंस. मोठ्या मालकांनाही. दोन छोटे डबे केले होतेस. एकात सेल खेटून भरलेले, दुसऱ्यात तुझ्या पद्धतीनं जागा सोडून. सगळ्यांना लांब उभं केलंस, अग्निशमनचे दोघं शेजारी ठेवलेस, आणि दोन्ही डब्यांतला एकेक सेल मुद्दाम तापवलास.

तुझ्या डब्यात फट् असा आवाज झाला, थोडा धूर आला आणि थांबलं. दुसऱ्या डब्यात एक गेला, मग शेजारचा, मग सगळे. इतक्या लवकर की मधे मोजायला फुरसत नव्हती. काळा धूर, घशात चावणारा वास, ज्वाळा विझवल्या तरी पुन्हा पेटणाऱ्या. सल्लागार केव्हाच गेटपर्यंत पोचला होता. कोटासकट. मला एकीकडे तुझा अभिमान वाटत होता आणि दुसरीकडे एवढ्या मारामारीनं आणलेले सेल डोळ्यांसमोर जळताना बघवत नव्हतं. मी तसं म्हणालो तर तू म्हणालास, "याच्याइतका चांगला उपयोग त्या खेपेचा दुसरा झाला नाही."

मोठे मालक तोंडावर रुमाल धरून उभे होते. धूर जरा कमी झाल्यावर म्हणाले, "रमाकांत म्हणतो तसंच करायचं."

तू तिथल्या तिथे म्हणालास, "मग कारमध्ये जेवढे सेल कमी बसतील, तेवढे रिक्षांना द्या."

"दे," ते म्हणाले आणि खोकत आत गेले.

रूथबाईंची तिसरी रिक्षा त्या सेलवर चालू झाली. तू पॅक घेऊन स्वतः गेलास. त्या वेळी बिस्किटं खाल्लीस, असं मला नंतर सांगितलंस, जणू काही मोठी बातमी आहे.

कार झाल्या. पाच-सहा झाल्या आणि एकही विकली गेली नाही. ज्याला रेंज हवी त्याला ती कमी वाटायची, ज्याला स्वस्त हवी त्याला महाग वाटायची. एक प्रदर्शनात फिरवली, एक धाकट्यांनी स्वतःला ठेवली, बाकीच्या शेडमध्ये उभ्या आहेत. सल्लागार दुसऱ्या एका कंपनीला जिना दाखवतोय असं ऐकतो. चेंबर रिकामं झालं तेव्हा तुझ्याकडे नमुन्याचे सेल उरले नव्हते, आणि ती प्रयोगशाळा पुन्हा द्यायला तयार नव्हती. त्यांनाही रांग होतीच.

या सगळ्या काळात मी तुला एकच गोष्ट सांगत होतो. सोड ही नोकरी. ज्या गोष्टीवर तुझा विश्वास नाही तिच्यासाठी तू दिवसचे दिवस घालतोस, रविवारीही येतोस, रक्तदाबाच्या गोळ्या विसरतोस. तू म्हणायचास, "बघू." एकदा मी कामरगावच्या चढावर गाडी बाजूला घेतली आणि तुला विचारलं, बघू म्हणजे नक्की काय बघणार आहेस. तू म्हणालास, "मागे ट्रक आहे, गाडी पुढे घे." मी पुढे घेतली.

मग त्या सकाळी मी केडगावला हॉर्न वाजवला आणि तू आला नाहीस. बूट घालायला खुर्चीवर बसला होतास, एक बूट पायात होता. वैशालीवहिनी फोनवर ॲम्ब्युलन्सशी बोलत होत्या आणि मला हातानं तुझ्याकडे जायला सांगत होत्या. मी गेलो. तुझा हात गरम होता. त्यापुढचं मी इथे लिहिणार नाही. ते तुझं-माझं नाही, वहिनींचं आहे.

तुला पोचवायला अमरधामला कंपनीतून बस भरून माणसं आली. एकानं मला विचारलं, "सर गेले ते कामाच्या ताणानंच ना?" आणि माझं उत्तर यायच्या आत फोन घ्यायला बाजूला झाला. दुसऱ्यानं सांगितलं की तुझ्या जागेवर पुण्याचा कुणीतरी येणार आहे, तरुण आहे, पॉझिटिव्ह आहे.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी वहिनींकडे गेलो. तुझी हत्यारं, मीटर, ती लहान पक्कड, कंपनीतून आणून द्यायचं ठरलं होतं. कंपनीच्या गेटवर मला अडवलं. मयत कर्मचाऱ्याचं सामान बाहेर काढायला तीन सह्या लागतात म्हणे. गाडी तुझ्या नावावर करायला एकही सही लागली नव्हती. शेवटी मी पक्कड खिशात घालून आणली. बाकीचं सह्या झाल्या की येईल.

वहिनी ती पक्कड हातात घेऊन बसल्या. सभेत काय झालं ते मी सांगितलं. स्वप्न, आयुष्य वेचलं, सगळं. मला वाटलं त्यांना राग येईल. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला त्यांनी पुण्याचं सांगितलं होतं का?"

"पुण्याचं काय?"

"सोडियमच्या कामासाठी एका संस्थेनं बोलावलं होतं. प्रयोगशाळा देत होते, हाताखाली माणसं देत होते. दोनदा फोन आला. मी म्हटलं, जाऊया. घर भाड्यानं देऊ. मुलगीही तिकडेच शिकते."

"मग?"

"नको म्हणाले. मी पुष्कळ भांडले. म्हणाले, त्या कार अजून बाहेर पडतायत. मी गेलो की दुसऱ्या दिवशी मधली जागा भरून टाकतील. कुणी विचारणारं राहणार नाही."

वहिनींनी पाणी आणलं.

मूर्ख माणसा. कारची ही दोन वर्षं रोज माझ्या शेजारी बसत होतास. मी सोड सोड म्हणत होतो आणि तुझ्या खिशात ती नोकरी होती. जे काम तुला करायचं होतं तेच, आयतं. आणि तू ते कशासाठी सोडलंस, तर तुला मान्य नसलेल्या कारमधल्या माणसांनी जळून मरू नये म्हणून. मला सांगितलं असतंस तर मी तुला फरपटत पुण्याला नेऊन सोडलं असतं. हे तुला माहीत होतं, म्हणूनच सांगितलं नाहीस. तुझा हिशेब चोख होता हे मी मान्य करतो, पण पटला म्हणत नाही. त्या लोकांची तेवढी किंमत नव्हती, रमाकांत. मी आजही हेच म्हणतो. तू समोर असतास तर चष्मा पुसत बसला असतास आणि मी आणखी चिडलो असतो.

आज सकाळी सावेडीत बँकेचं काम होतं. शाळा भरायची वेळ होती, रस्ता तुंबला होता, आणि माझ्या पुढेच धाकट्या मालकांची कार उभी होती. ती पांढरी, विटकरी सीटवाली. त्यांनी मला पाहिलं नाही. मी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहत होतो ती त्यांना दिसली असती तर माझी नोकरी आज गेली असती.

मागचं दार उघडलं. त्यांची मुलगी उतरली. पहिली-दुसरीत असेल. ज्या सीटवर ती बसली होती तिच्या खालीच तुझा डबा आहे. दप्तर अर्धं आत अडकलं होतं ते तिनं दोन्ही हातांनी ओढून काढलं, दार लावलं नाही, वडिलांकडे वळूनही पाहिलं नाही, आणि मैत्रीण दिसली म्हणून पळत सुटली. धाकटे उतरून दार लावायला मागे आले आणि ती फाटकातून आत जाईपर्यंत तिथेच उभे राहिले. मागचे हॉर्न वाजवत होते. मी वाजवला नाही.

पोरगी सुखरूप पोचली, रमाकांत. रोज पोचते.